रस्त्यावरील अक्षरे कोणासाठी?

सुंदर अक्षर ते सुवाच्य अक्षर, असा सर्वसाधारण समज आहे. निवांतपणे ग्रंथ वाचणाऱ्याच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरतो. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. त्याच्या चालकास फलक वाचून वळणाचा निर्णय घेण्यास काही क्षणांचाच अवधी मिळतो. तेथे वाचनातील चूक जिवावर बेतू शकते.

ब्रिटनमध्ये १९५८ साली पहिला द्रुतगती मार्ग खुला झाला, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. नव्या फलकांचे काम जॉक किनीर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्या विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट या कामात त्यांच्या सहकारी होत्या. वेगात असलेल्या माणसास प्रथम काय कळावयास हवे, या विचारापासून त्यांनी आरंभ केला. जुन्या फलकांवरील सर्व कॅपिटल अक्षरांऐवजी त्यांनी केवळ आद्याक्षर कॅपिटल ठेवून उर्वरित अक्षरे लहान घेतली. त्यामुळे प्रत्येक शब्दास स्वतःची बाह्याकृती लाभली. अक्षरांचे वळण साधे, त्यांमधील अंतर मोकळे आणि पुढील चौकाची रचना नकाशासारखी रेखाटलेली, असे या फलकांचे स्वरूप होते.

अक्षरशिल्पी डेव्हिड किंडरस्ले यांना ही अक्षरे रुचली नाहीत. त्यांनी टोकदार कॅपिटल अक्षरांचा पर्याय मांडला. अखेर वाद सामान्य माणसांच्या डोळ्यांपुढे ठेवण्यात आला. स्वयंसेवकांना एका जागी बसवून, फलक लावलेली मोटार त्यांच्या दिशेने नेण्यात आली. किंडरस्ले यांची अक्षरे किंचित अधिक अंतरावरून वाचता आली. पण तफावत इतकी अल्प होती की, निवड रूपावरून करण्यास हरकत उरली नाही. किनीर व कॅल्व्हर्ट यांचीच पद्धती स्वीकारली गेली आणि १ जानेवारी १९६५ पासून ती देशातील इतर रस्त्यांनाही लागू झाली. अभिरुचीला स्थान मिळाले, ते कसोटीनंतर.

देवनागरीत कॅपिटल व लहान असा भेद नाही. येथे शब्दाची ओळख शिरोरेखेच्या वर आणि अक्षरांच्या खाली येणाऱ्या चिन्हांवर पुष्कळशी अवलंबून असते. ‘पुढे अरुंद पूल’ या सूचनेतील मात्रा, अनुस्वार व उकार जाड, दाटीच्या अक्षरांत बुजले, तर सूचना असूनही नसल्यासारखीच होते. यास्तव कोणताही फलक कायम करण्यापूर्वी तो त्या गावी नवख्या असलेल्या माणसाकडून, योग्य अंतरावरून आणि संधिप्रकाशातही वाचवून घेणे इष्ट होय.