‘आपले’ कोण, हे शरीर कसे शिकते?

‘मी’ कोठे संपतो आणि परके कोठे सुरू होते, हा प्रश्न शरीराला दोन ठिकाणी सोडवावा लागतो : रोगप्रतिकारक यंत्रणेत आणि मेंदूत. आम्ही मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. तरीही या दोहोंतील साम्याने आम्हांला दीर्घकाळ कुतूहलात ठेवले आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते, पुढे आक्रसते. तेथे टी-पेशी घडतात. परक्या जंतूला ओळखणारी त्यांची रचना बरीचशी यदृच्छेने जुळते. म्हणून काही पेशी स्वतःच्याच शरीराला शत्रू मानणाऱ्या निपजतात. थायमसमध्ये त्यांच्यापुढे शरीराचेच अंश मांडले जातात. ज्या पेशी त्यांना घट्ट धरतात, त्यांतील बहुसंख्य तेथेच नष्ट होतात. या परीक्षेतून फार थोड्या पेशी बाहेर पडतात. आमच्या शाळेचा निकाल असा लागला तर पालक आम्हांला सोडणार नाहीत!

१९५३ साली पीटर मेडावार व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ते पिल्लू मोठे झाल्यावर त्याने त्या वाणाची त्वचा आपली म्हणून स्वीकारली. तिसऱ्या वाणाची मात्र नाकारली. परकेपणा रक्तातच असतो, असे ठासून सांगणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य अभ्यासावा. मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत मिळाले.

मेंदूचेही असेच आहे. १९९८ मध्ये बॉटविनिक व कोहेन यांनी माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोहोंवर एकाच वेळी कुंचला फिरवला. थोड्याच वेळात अनेकांना रबरी हातच आपला वाटू लागला. दिसणे आणि जाणवणे यांचा मेळ बसला की मेंदू ‘हे माझे’ असा निर्वाळा देतो. थायमस निवडीने शिकते, मेंदू मेळ घालून. हा भेद मात्र विसरू नये.

ओळख चुकली की आजार उद्भवतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात टी-पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींवरच तुटून पडतात. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका आल्यावर क्वचित एखादा रुग्ण आपला डावा हात दुसऱ्याचाच आहे, असे निक्षून सांगतो. घरच्यांना वाटते, याला वेड लागले. वस्तुतः मेंदूतील जुळणी बिघडलेली असते. अशा वेळी रुग्णाशी हुज्जत न घालता ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. पुष्कळदा ही अवस्था काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते.