लेखणी, पाटी आणि खोक्यावरचे आकडे

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेले घरातले अपत्य एके दिवशी जलरंगांची पेटी बाजूला सारून संगणकावर चित्र काढण्याची इच्छा प्रकट करते, आणि त्या इच्छेला मान देण्यासाठी वडील मंडळी जेव्हा बाजारात जातात, तेव्हा ‘यातला सर्वांत चांगला पेन टॅब्लेट कोणता?’ हा जो पहिला प्रश्न त्यांच्या मुखातून निघतो, त्यातच पुढील बहुतेक गैरसमजांचे मूळ असते. कारण या प्रश्नाला दुकानदारापाशी एकच तयार उत्तर असते, आणि ते म्हणजे खोक्यावर ठळक छापलेला आकडा. हे आकडे खोटे नसतात. परंतु ते ज्या प्रश्नांची उत्तरे असतात, ते प्रश्न चित्रकाराचे क्वचितच असतात. चित्र शेवटी कोठे जाणार, म्हणजे पडद्यावरच राहणार, की छापखान्यात जाणार, की चलच्चित्राचा एक भाग होणार, याची चौकशी खोक्यावर कोणी केलेली नसते, आणि खरी निवड तर तेथूनच उलट दिशेने करीत यावी लागते.

यांतील सर्वांत बलवत्तर गैरसमज दाबाच्या पातळ्यांचा, ज्यांना बाजारात ‘प्रेशर लेव्हल’ म्हणतात. १९८३ साली जपानात स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने जी पद्धती रूढ केली, तीत पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांचे जाळे असते. त्या जाळ्यातून निघणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय संकेताला लेखणीतील वेटोळे अनुनादाने प्रतिसाद देते, आणि त्या प्रतिसादावरून टोक कोठे आहे व त्यावर किती भार पडला आहे, हे पाटीला समजते. हा भार किती पायऱ्यांत मोजायचा, एवढेच त्या पातळ्यांच्या आकड्याने सांगितले जाते. याच कंपनीच्या इंट्युओस मालिकेत १९९८ साली १०२४ पायऱ्या होत्या, २००९ साली २०४८ झाल्या, २०१७ साली ८१९२ झाल्या, आणि अलीकडे इतर उत्पादकांनी १६३८४ पर्यंत मजल मारली आहे. आता एक साधा हिशेब मांडून पाहावा. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात रंगाच्या प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या असतात. म्हणजे लेखणीने सोळा हजार प्रकारचे दाब ओळखले, तरी ते फिकट-गडद छटांच्या रूपाने कॅनव्हासवर उतरताना त्यांना याच २५६ कोठड्यांत दाटीने बसावे लागते. मग दाबाच्या पातळ्यांत २५६ च्या पलीकडे २०४८ पर्यंत झालेली वाढ निरर्थक होती काय? तसे म्हणता येणार नाही, कारण हलक्या हाताचा चित्रकार एकंदर पल्ल्याचा खालचा चतुर्थांशच वापरतो, आणि त्या चतुर्थांशात पायऱ्या तुटपुंज्या पडल्या तर रेषेच्या जाडीत ठेच लागल्यासारखे दिसते. परंतु त्यापुढची वाढ डोळ्याला दिसणे दुरापास्त, आणि केवळ तिच्यासाठी अधिक मोबदला मोजणे हा तर निव्वळ जाहिरातीचा विजय होय.

जे खरोखर हाताला जाणवते, त्याचा उल्लेख खोक्यावर असलाच तर बारीक अक्षरांत असतो. पहिली गोष्ट म्हणजे रेषा उमटू लागण्यासाठी लागणारा किमान भार. चांगल्या लेखण्यांसाठी उत्पादक तीन ग्रॅमच्या आसपासचा आकडा सांगतात, आणि हा भार जास्त असेल तर केसासारखी सुरुवात होणारी रेषा काढताच येत नाही, मग पातळ्या कितीही असोत. दुसरी गोष्ट म्हणजे दाबाचा वक्र, जो ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाटी आणि संगणक यांचा मेळ घालणाऱ्या प्रणालीत, किंवा चित्रप्रणालीत बदलता येतो, ज्यायोगे जड हाताच्या माणसाला लेखणी कठोर आणि हलक्या हाताच्या माणसाला ती मृदू करून घेता येते. परंतु पुष्कळ लोक वर्षानुवर्षे कारखान्यातून आला तोच वक्र मुकाट्याने वापरतात आणि दोष लेखणीला देतात. दाबाचे हे माहात्म्य ज्यांना फारच वाटते, त्यांनी डेव्हिड हॉकनी यांचे उदाहरण अवश्य आठवावे. सत्तरी ओलांडलेले हे इंग्रज चित्रकार २००९ च्या सुमारास आयफोनवर आणि पुढच्या वर्षापासून आयपॅडवर चित्रे काढू लागले. त्या काळच्या आयपॅडला दाब समजतच नव्हता, तरीही त्यावर काढलेली यॉर्कशरची निसर्गचित्रे मोठ्या आकारात छापून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली.

लेखणीत बॅटरी असली म्हणजे ती हलक्या प्रतीची, हाही असाच एक ग्रह आहे. २०१५ साली आलेल्या ॲपल पेन्सिलीत बॅटरीच आहे आणि ती पुष्कळ व्यावसायिकांच्या हाती आहे. भारित करायला विसरलो तर काम अडते, एवढाच काय तो फरक. पाटीच्या सूक्ष्मतेचा, म्हणजे इंचामागे ५०८० रेषांचा, जो उद्घोष होतो, त्याबद्दलही फार बोलायला नको. दहा इंच रुंदीच्या पाटीवर त्या रेषा पन्नास हजारांहून अधिक होतात आणि १९२० बिंदूंच्या पडद्यावर एकेका बिंदूच्या वाट्याला सव्वीस येतात. त्याहून सूक्ष्म असून करायचे काय?

पडदा असलेली पाटी श्रेष्ठ आणि बिनपडद्याची ती केवळ गरिबाची सोय, असे मानणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः पडद्याची पाटी ही बहुधा स्वतंत्र यंत्र नसतेच. तिलाही संगणक जोडावा लागतो, आणि हे घरी येऊन खोके उघडल्यावर समजते, तेव्हा मोठाच हिरमोड होतो. स्वतःच्या बळावर चालणारे आयपॅडसारखे यंत्र ही निराळी जात. बिनपडद्याच्या पाटीवर हात खाली आणि दृष्टी समोर, हा विसंवाद प्रारंभी खटकतो खरा, परंतु माऊस वापरणारा प्रत्येक कारकून हेच दिवसभर करीत असतो, आणि थोड्या सरावाने चित्रकारालाही ते साधते. शिवाय मान ताठ राहते आणि स्वतःचा हात चित्राच्या आड येत नाही. उलट पडद्याच्या पाटीत काच आणि प्रतिमा यांच्यात अंतर राहिले असेल, तर टोक एका जागी आणि रेषा किंचित दुसऱ्या जागी उमटते. म्हणून काच पडद्याला चिकटवलेली आहे की नाही, एवढे मात्र विचारून घ्यावे. आकाराचा निर्णय हाताच्या चालीवर अवलंबून आहे. मनगटातून बारीक रेखांकन करणाऱ्याला लहान पाटी पुरते, खांद्यापासून मोठे फटकारे मारणाऱ्याची तीवर घुसमट होते.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, जी अनेकांना स्वतःच्याच हाताविषयी अकारण शंकित करते. पाटीची लांबीरुंदी १६ ला १० या प्रमाणात आणि पडदा १६ ला ९ प्रमाणात असला, किंवा दोन पडदे जोडलेले असून एकच पाटी दोहोंवर ताणली गेली असली, म्हणजे हाताने काढलेले वर्तुळ समोर लंबवर्तुळ होऊन दिसते. हा दोष कलावंताचा नव्हे. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम राखण्याची तजवीज असते, आणि तेवढी खूण केली की वर्तुळ पुन्हा वर्तुळ होते.

आता चित्रप्रणालींकडे वळू. महाग ती व्यावसायिक आणि मोफत ती हौशी, ही समजूत इतकी दृढ आहे की तिच्यापायी पुष्कळांनी चोरीच्या प्रती वापरण्याचा आडमार्ग पत्करला. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले ते छायाचित्रांवरील संस्कारांसाठी. ज्यांच्यावाचून आज चित्रकाराचे पान हालत नाही, ते लेअरसुद्धा, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, त्यात १९९४ साली आले. २०१३ पासून त्याच्या मालकांनी नव्या आवृत्त्यांचे खरेदीखत करून देणे बंद केले आणि भाडेपट्ट्याची पद्धत आणली, ज्यात हप्ता थकला की अंमल संपला. याउलट आयपॅडवरचे प्रोक्रिएट एकदाच पैसे देऊन घेता येते, पण ते आयपॅडबाहेर चालत नाही, म्हणून त्याची खरी किंमत यंत्रासकट धरली पाहिजे. क्रिटा पूर्णपणे मोफत आहे, चित्रकारांसाठीच घडवलेले आहे, आणि त्यात छपाईच्या चार रंगांचा कॅनव्हासही उघडता येतो. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या टूंझ या चलच्चित्रांच्या प्रणालीवरून निघालेले ओपनटूंझ २०१६ पासून सर्वांना खुले आहे. आणि २०२५ साली ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लाटवियाचा चित्रपट ब्लेंडर या मोफत प्रणालीत तयार झाला. पानांच्या चौकटी, संवादांचे फुगे आणि यथादर्शनाच्या पट्ट्या हव्या असणाऱ्या चित्रकथाकाराला मात्र क्लिप स्टुडिओ पेंट घेणेच सोयीचे, कारण ते त्याच कामासाठी बेतलेले आहे.

मराठी व्यंगचित्रकाराने आणखी एक परीक्षा घ्यावी, जी परदेशी समीक्षकांच्या गावीही नसते. प्रणालीत देवनागरी टंकून पाहावे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची रचनाव्यवस्था मुद्दाम निवडली नाही, तर ‘किती’ मधली पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन विखुरतात. इंकस्केप आणि गिंप या मोफत प्रणालींत, युनिकोड टंक असल्यास, हा छळ होत नाही. फुग्यातला विनोद वेलांटीपायी फसावा, याहून करुण प्रसंग कोणता!

छपाईच्या बाबतीत तर ‘तीनशे डीपीआय’, म्हणजे इंचामागे तीनशे बिंदू, हा मंत्रच होऊन बसला आहे. परंतु हा आकडा चित्राला चिकटवलेली केवळ चिठ्ठी आहे. चित्रात प्रत्यक्ष बिंदू किती, हेच महत्त्वाचे. दिवाळी अंकाचे ए-फोर आकाराचे मुखपृष्ठ तीनशेच्या घनतेने छापायचे, तर २४८० बाय ३५०८ बिंदू प्रारंभापासूनच हवेत, आणि हजार बिंदूंच्या चित्रावर शेवटी तीनशेची चिठ्ठी लावल्याने त्याचे काही भले होत नाही. अशा कॅनव्हासचा एक पूर्ण लेअर सुमारे ३५ मेगाबाइट जागा व्यापतो. वीस लेअर झाले की सातशे. म्हणूनच द्विमिती चित्रकाराने महागड्या ग्राफिक्स कार्डाआधी स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, खर्च करावा, आणि प्रोक्रिएटमध्ये मोठ्या कॅनव्हासला लेअर कमी का मिळतात, याचेही उत्तर हेच आहे. रंगांचे गणित याहून कठोर. पडद्यावरचा तो झगझगीत पोपटी आणि तो विद्युन्निळा प्रकाशाचे असतात; चार शाईंना ते गाठता येत नाहीत, आणि मुद्रकाला दोष देण्यात अर्थ नसतो. काम चालू असतानाच छपाईचे पूर्वदर्शन लावून पाहणे, हाच त्यावर इलाज.

जुनी पाटी घेणे हा मूर्खपणा, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. या यंत्रात झिजण्यासारखे निबेशिवाय फारसे काही नसते. मात्र आपल्या संगणकाच्या सध्याच्या आवृत्तीसाठी त्या पाटीचा ड्रायव्हर उपलब्ध आहे काय आणि निबा अजून मिळतात काय, याची खात्री आधी करावी, आणि दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर संगणकात असल्यास तो प्रथम काढून टाकावा, कारण दोघे एकत्र नांदत नाहीत. मग पैसे देण्यापूर्वी पाटीवर फूटपट्टी तिरकी ठेवून तिच्या कडेने अगदी संथपणे एक रेषा ओढावी, आणि ती ओढताना प्रणालीतली रेषा स्थिर करणारी सोय बंद ठेवावी. रेषा सरळ आली तर उत्तम. तिच्यात बारीक, नियमित लाटा उठल्या, तर पाटी टोकाची जागा अचूक ओळखत नाही असे समजावे. हा दोष नव्या कोऱ्या पाट्यांतही आढळतो, म्हणून दुकानात तीच रेषा ओढून पाहण्याचा संकोच करू नये.