मॅगी टेट आणि कोर्तोचा पियानो

परवा धरमपेठेत एका मित्राकडे जी. एन. जोशींची ‘शीळ’ ऐकली. मेहकरच्या ना. घ. देशपांडेंची कविता, तबकडीची जेमतेम तीन मिनिटं, आणि मराठी भावगीताची पहाट!

कवितेला असंच जपणारं फ्रेंच गाणं ऐकायचंय? मग मॅगी टेट ऐका.

१९०८ मध्ये खुद्द संगीतकार देब्यूसीने या इंग्रज गायिकेला तालीम दिली. १९३६ मध्ये, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, तिने त्याची गाणी आल्फ्रेड कोर्तोच्या पियानोसोबत एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केली.

त्यातल्या एका गाण्यात कवी वेर्लेनच्या कवितेतली दोन भुतं जुन्या बागेत जुन्या प्रेमाबद्दल बोलतात. तिथे तिचं गाणं जवळजवळ बोलण्यावर येतं. घाई नाही, हुंदका नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ. कोर्तोचा पियानो मात्र त्या रिकाम्या बागेतला गारवा सतत जाणवून देतो.

भावगीतावर वाढलेल्या कानाला फ्रेंच न कळताही हे भिडतं.

सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी, कमेंटमध्ये विचारा. नक्की सांगतो.