मरळीचा संसार कोण राखणार?

बाजारात मरळ टोपलीत कोरडी ठेवलेली असते, तरी तासाभराने हात लावाल तर शेपटीचा फटका बसतो. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारे खास कप्पे असतात. त्यांच्यावर तिची इतकी भिस्त, की पाण्यावर तोंड काढू दिले नाही तर हा मासा चक्क पाण्यात गुदमरून मरतो! तळे आटले की ओल्या चिखलात शिरून ती पावसाची वाट बघते.

मत्स्यशेतीच्या पुस्तकात मात्र ती भेटते तळे साफ करण्याच्या धड्यात. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडण्याआधी भक्षक मासे मारायचे. त्यासाठी मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे 2500 किलो मोहाची पेंड. पेंडीतले सॅपोनिन माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. बोटुकलीवर पैसे घातलेल्याने हे केले तर त्याला दोष कसा द्यावा? पण गावतलाव म्हणजे काही कोंबड्यांचे खुराडे नव्हे. तिथे मरळ मूळची रहिवासी आहे, आणि बाजारात रोहूपेक्षा महागही.

तिचा संसार बघण्यासारखा असतो. पावसाळ्यात जोडी काठच्या उथळ पाण्यातल्या वनस्पती सारून थाळीएवढी जागा मोकळी करते. अंड्यांत तेलाचा थेंब असल्याने ती तरंगतात, एकदोन दिवसांत फुटतात. मग केशरी-लाल पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदतो आणि खाली पालक पहारा देतात. गळवाल्यांना ही खूण पक्की ठाऊक. थव्यात गळ पडला की पालक झडप घालतो, पिल्ले राखायला. तो गेला की बेवारस थवा बगळ्यांच्या आणि इतर माशांच्या तोंडी जातो. एका माशापायी सगळी वीण बुडते.

काठचा झाडोरा गेला तर घरटेही नाही. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांत बेशरम हे तण माजले, तेव्हा मासेमार ढीवर समाजातल्या बायांनीच ते उपटून देशी पाणवनस्पती लावायला घेतल्या. मरळीचे खरे व्यवस्थापन मला हे वाटते. बीज विकत आणणे त्यानंतरचे.

मरळ खायची तर दिवाळीनंतर खा. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यावर लाल थवा दिसला, तर गळ दुसऱ्या काठाला टाका.