तोंडाला मास्क, डोळ्यांवर पट्टी

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा बळी घेतला. देशातील तो पहिला मृत्यू. मग वाहिन्यांनी चोवीस तास मृतांचा आकडा मोजायला घेतला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मास्कचा काळाबाजार झाला, जो तो कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगू लागला. लोक घाबरले, यात त्यांचा दोष काय? लेकरू गमावण्याची भीती खरीच असते. आमचा सवाल वेगळा आहे. त्याच वर्षी या देशात क्षयरोगाने रोज शेकडो माणसे मरत होती; त्यात गोरगरीब, कष्टकरीच अधिक. त्यांचा आकडा कोणत्या वाहिनीने असा तासातासाला मोजला? विमानाने आलेल्या रोगाला कॅमेरा मिळाला. गटारात उतरणारा आमचा सफाई कामगार मात्र त्या दिवसांतही उघड्या तोंडानेच उतरत होता.