काळ्या विवराभोवतीचा उजेड

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत आकाशाविषयी बोलायला गेलं की एक प्रश्न हटकून येतो. कृष्णविवरातून प्रकाशच बाहेर पडत नाही, तर शास्त्रज्ञ मोजतात तो प्रकाश कुठला? प्रश्न अगदी रास्त आहे. तो प्रकाश विवराचा नसतो, विवरात पडायला निघालेल्या वायूचा असतो. हा वायू सरळ आत कोसळत नाही. विवराभोवती घिरट्या घेता घेता त्याची चपटी तबकडी होते. आतले थर वेगाने फिरतात, बाहेरचे सावकाश. चुंबकीय क्षेत्रांमुळे थरांची एकमेकांशी ओढाताण होते, वायू तापतो आणि हळूहळू आत सरकतो. लोहाराच्या भट्टीतली सळई आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी होते, तसंच इथे कडेकडून आत जाताना घडतं. कोट्यवधी सूर्यांच्या वजनाच्या विवराभोवती आतला भाग लाखभर अंशांच्या घरात तापतो आणि मुख्यतः अतिनील प्रकाश देतो. शाकुरा आणि सुन्याएव यांनी 1973 साली या तबकडीचं गणित मांडलं. आजही सुरुवात तिथूनच होते.

गैरसमज : कृष्णविवर सगळं गिळून टाकतं.

सगळं नाही. आत पडणाऱ्या द्रव्याच्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा होऊन बाहेर निसटतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना हे प्रमाण एक टक्काही नसतं, जेमतेम 0.7. म्हणून तर क्वेसारची, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या मध्यातल्या अशा धगधगत्या विवराची, तबकडी अख्ख्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांना झाकोळून टाकते.

गैरसमज : 2019 साली फोटो निघाला, आता शोधायचं काय उरलं?

तसे फोटो दोनच कृष्णविवरांचे आहेत. एक एम-87 या दीर्घिकेतलं, दुसरं आपल्या आकाशगंगेच्या मध्याचं, जे 2022 मध्ये जगाने पाहिलं. बाकीची इतकी दूर आहेत, की मोठ्या दुर्बिणीतूनही तबकडी म्हणजे नुसता ठिपका. पण हा ठिपका कमी-जास्त होत राहतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. एखाद्या ठिपक्याचं तेज एका दिवसात ठळकपणे बदललं, तर तो उजेड देणारा भाग प्रकाश एका दिवसात कापतो त्या अंतराहून, म्हणजे सुमारे 2,600 कोटी किलोमीटरांहून, फारसा मोठा असू शकत नाही. त्याहून मोठा असता तर त्याच्या दोन टोकांना एका दिवसात एकमेकांची खबरच लागली नसती. हे अंतर सूर्य ते नेपच्यूनच्या सहापटही नाही. घड्याळ हाती धरून आकार मोजायची ही रीत मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

पुढची पायरी याहून सुरेख आहे. आतून उसळलेला प्रकाश बाहेर पसरत जातो, तेव्हा तबकडीचा आतला गरम भाग आधी उजळतो, बाहेरचा थंड भाग नंतर. 2014 साली हबल आणि स्विफ्ट दुर्बिणींनी एनजीसी 5548 या दीर्घिकेवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. अतिनील उजेडातला चढउतार दृश्य प्रकाशात दिवस-दोन दिवस उशिरा दिसला. त्या उशिरावरून तबकडी मोजली, तर ती पुस्तकी गणितापेक्षा सुमारे तिप्पट भरली. ते कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. भारताची ॲस्ट्रोसॅट वेधशाळा 28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेली ती अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी पाहण्याची सोय घेऊनच. तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेचा वाटा मोठा होता.

गैरसमज : ताऱ्यांसारखं तेही हवेमुळेच लुकलुकत असणार.

हवेचं लुकलुकणं क्षणाक्षणाचं. क्वेसारचे चढउतार दिवस, महिने, वर्षं चालतात, आणि शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना केली की हवेचा परिणाम वजा होतो. मात्र हेही खरं, की दरेक चढउतार तबकडीचाच नसतो. काही क्वेसारमधून निघणारे झोतही भडकतात.

म्हणून लागते ती दीर्घकाळची नोंदवही. थ्री-सी 273 हा क्वेसार किती दूर आहे हे मार्टेन श्मिट यांनी 1963 साली ओळखलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या वेधशाळेतल्या, आकाशाचे फोटो टिपलेल्या जुन्या काचपट्ट्या धुंडाळल्या, तर त्याचं तेज एकोणिसाव्या शतकापासून बदलत असल्याचं आढळलं. ज्यांनी त्या पट्ट्या जपल्या, त्यांना क्वेसार हा शब्दही ठाऊक नव्हता.

खानदेशाला ही जपणूक परकी नाही. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख आहे. मठाला कोणी काय द्यायचं, हे त्याच्या शेवटी जुन्या मराठीत कोरलेलं आहे.

पावसाळ्याआधी, एप्रिल-मेच्या रात्री कन्या राशीत थ्री-सी 273 चांगला वर असतो. त्याच्या तेजाची प्रत साधारण 12.9, म्हणजे गावाबाहेरच्या अंधारात आठ इंची दुर्बीण पुरते. शाळा-महाविद्यालयांच्या खगोलमंडळांनी एक वही करावी, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचं तेज दरवर्षी लिहावं, आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. तुमच्या डोळ्यांत उतरणारा तो उजेड तबकडीतून निघाला, त्याला सुमारे 2 अब्ज वर्षं झालेली असतील.