सहवीजनिर्मितीचा प्राधान्य दर

प्राधान्य दर किंवा फीड-इन टॅरिफ म्हणजे अक्षय ऊर्जास्रोतांपासून निर्माण होऊन वीजजाळ्यात सोडलेल्या विजेसाठी ठरावीक मुदतीपर्यंत आधीच निश्चित केलेला खरेदी दर होय. महाराष्ट्रात पवन, सौर, लघुजलविद्युत, जैवभार आणि उसाचे चिपाड म्हणजेच बगॅस या स्रोतांसाठी असे दर स्वतंत्रपणे ठरवले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूर व शिरोळ परिसरात या दराचा संबंध मुख्यतः साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांशी येतो.

संकल्पना व उगम

नव्या तंत्रज्ञानाच्या प्रकल्पात सुरुवातीची गुंतवणूक मोठी असते आणि वीज कोणत्या भावाने विकली जाईल याची खात्री नसल्यास बँका कर्ज देण्यास कचरतात. खरेदीची व दराची हमी मिळाल्यास ही जोखीम कमी होते. जर्मनीत १ जानेवारी १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने वीज कंपन्यांवर अशी खरेदी बंधनकारक केली. तेथील २००० सालच्या कायद्याने स्रोतानुसार वेगळे दर व २० वर्षांची हमी दिली. तसेच नव्या प्रकल्पांचा दर दरवर्षी कमी करण्याची तरतूद केली. दर वेळेवर कमी न केल्यास काय होते याचे उदाहरण स्पेनमध्ये दिसले. तेथे २००८ या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटहून अधिक सौर क्षमता उभी राहिली आणि पुढे वाढलेला बोजा आवरण्यासाठी शासनाला जुन्या प्रकल्पांचे लाभही कमी करावे लागले.

भारतातील व महाराष्ट्रातील चौकट

केंद्रीय अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने १९९० च्या दशकात राज्यांना प्रतियुनिट २.२५ रुपये दर आणि त्यात दरवर्षी ५ टक्के वाढ सुचवली होती. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६ नुसार सहवीजनिर्मिती व अक्षय ऊर्जेला प्रोत्साहन देणे आणि वितरण कंपन्यांनी अशा विजेची किती टक्के खरेदी करावी हे ठरवणे ही राज्य आयोगांची जबाबदारी झाली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या पवन प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी ३.५० रुपये, त्यानंतर दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांचा करार अशी रचना स्वीकारली. २०१० मध्ये आयोगाने अक्षय ऊर्जेच्या दरनिश्चितीचे विनियम केले. त्याच वर्षी खरेदीचे बंधनही २०१०-११ साठी ६ टक्के असे ठरले. ते टप्प्याटप्प्याने ९ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले.

राज्य शासनाच्या २००८ च्या धोरणात बगॅसवर आधारित १,००० मेगावॅट सहवीजनिर्मितीचे उद्दिष्ट होते. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या आवारात ऊर्जांकुर उपक्रमातून ३६ मेगावॅटचा सहवीज प्रकल्प उभा राहिला.

दराची रचना

उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस मिळते. ते बॉयलरमध्ये जाळून उच्च दाबाची वाफ तयार होते. या वाफेवर टर्बाइन चालते, तिचाच काही भाग रस आटवण्यासाठी वापरला जातो आणि कारखान्याची गरज भागल्यावर उरलेली वीज विकली जाते. वारा व सूर्यप्रकाश विकत घ्यावे लागत नाहीत, परंतु बगॅसला बाजारभाव असतो. त्यामुळे सहवीजेच्या दराचे दोन घटक केले जातात. स्थिर घटकात कर्जावरील व्याज, घसारा, भागभांडवलावरील परतावा व देखभाल यांचा समावेश होतो. बदलत्या घटकात इंधनाचा खर्च येतो.

स्थिर खर्च किती युनिटांवर विभागायचा हा पहिला महत्त्वाचा प्रश्न असतो. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी महाराष्ट्रासाठी गाळपाचे १८० व बिगरहंगामी ६० असे २४० दिवस आणि ६० टक्के क्षमतावापर गृहीत धरला. हंगाम याहून लहान राहिल्यास तोच खर्च कमी युनिटांतून वसूल करावा लागतो आणि कर्जफेड अडचणीत येते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील उभ्या उसाचे मोठे नुकसान झाले. अशा वर्षी गृहीत धरलेले दिवस व प्रत्यक्ष गाळप यांतील अंतर प्रकल्पाला स्वतः सोसावे लागते, कारण पैसे विकलेल्या युनिटांचेच मिळतात.

बगॅसची किंमत व ऊसदर

दुसरा प्रश्न बगॅसच्या किमतीचा आहे. २००९ च्या विनियमांतील निकषांनुसार एका युनिटसाठी ३,६०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि एक किलो बगॅसपासून २,२५० किलोकॅलरी मिळते. म्हणजे युनिटमागे १.६ किलो बगॅस जळते. बगॅसचा भाव टनामागे १०० रुपयांनी वाढला, तर विजेचा इंधनखर्च युनिटमागे १६ पैशांनी वाढतो.

हाच भाव ऊसदराच्या हिशेबातही येतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि बगॅस, मळी व प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकांना देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्याने हे सूत्र स्वीकारले. त्यात बगॅस मोजले जाते, परंतु त्यापासून तयार झालेली वीज प्राथमिक उपपदार्थ ठरत नाही. परिणामी बगॅसची किंमत कमी धरल्यास वीज स्वस्त पडते, पण शेतकऱ्याच्या वाट्याचा आधार घटतो. ती जास्त धरल्यास उलट घडते. जयसिंगपूर येथे भरणाऱ्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या ऊस परिषदेत उपपदार्थांच्या उत्पन्नातील वाट्याची मागणी होत आली आहे.

खर्चाचा भार

प्राधान्य दरापोटी महावितरणने दिलेली रक्कम तिच्या एकूण वीजखरेदी खर्चात धरली जाते व ग्राहकांच्या वीजदरांतून वसूल होते. जयसिंगपूरजवळील इचलकरंजीतील यंत्रमागधारकांसारख्या ग्राहकांसाठी हा उत्पादनखर्चाचा भाग असतो. ऊस उत्पादक शेतकरी तर एकाच वेळी ऊस पुरवठादार, सहकारी कारखान्याचा सभासद आणि वीजग्राहक असतो. दर ठरवण्यापूर्वी आयोग जनसुनावणी घेतो, ती या परस्परविरोधी हितसंबंधांची नोंद व्हावी म्हणून.

निविदा पद्धतीकडे वाटचाल

२०१७ मध्ये भारतातील निविदांत पवनऊर्जेचा दर ३.४६ रुपयांपर्यंत आणि राजस्थानातील भडला येथील सौरऊर्जेचा दर २.४४ रुपयांपर्यंत खाली आला. त्यानंतर नव्या प्रकल्पांसाठी आयोगाने ठरवलेल्या दराऐवजी स्पर्धात्मक निविदांचा वापर वाढला. बगॅसवरील विजेसाठीही महावितरणने निविदा काढल्या. निविदेमुळे ग्राहकाला स्वस्त वीज मिळू शकते. मात्र इंधनखर्च असलेल्या सहवीजेची तुलना इंधनखर्च नसलेल्या सौर विजेशी केवळ दरावर होते. सहवीज प्रकल्प हंगामात रात्रीही वीज देतात आणि ही वीज ग्रामीण भागात, मागणीजवळ तयार होते. हे फायदे दरात कसे मोजावेत, हा धोरणातील वादाचा मुद्दा आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने बगॅसवरील सहवीजेला प्रतियुनिट दीड रुपयापर्यंत अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मदतीचा काही भाग वीजग्राहकांऐवजी राज्याच्या तिजोरीवर आला.